लाल रिबिनीचा डबा

"चूक होणार नाही. चूक व्हायला मी जागाच ठेवलेली नाही!"

मेहरूणच्या घराचं कुलूप तिसऱ्यांदा ओढून बघत दिपमालाबाईंनी हे जाहीर केलं आणि दोन्ही बॅगा उचलत जितेंद्रराव म्हणाले, "बरं." जितेंद्रराव लग्न झाल्यापासून "बरं"च म्हणत आले होते. त्यामुळे संसार बरा चालला होता.

दिपमालाबाई कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. त्यांच्या घरात डाळीच्या प्रत्येक डब्यावर नाव होतं, औषधांच्या प्रत्येक पट्टीवर तारीख होती. त्यांच्या स्वयंपाकघरात दूध उतू जात नसे. दुधाची तेवढी हिंमतच होत नसे! अशी बाई लेकीला भेटायला डेन्मार्कला निघाली म्हटल्यावर तयारी कशी असणार? छत्री, छत्रीला पर्यायी छत्री, आणि दोन्ही उडाल्या तर रेनकोट.

फक्त एक गोष्ट त्यांच्या आखणीत नव्हती. ती निघायच्या आदल्या दिवशी भडगावहून आली.

नुकतीच कानबाई झाली होती. श्रावणात ही देवी घरात बसते, दुसऱ्या दिवशी वाजतगाजत नदीवर जाते, आणि मागे घरात उरतात ते रोट. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजून दळायचे आणि त्याचे जाड, गोड, तुपाळ रोट करायचे. जितेंद्ररावांच्या घराण्यात या रोटांचा नियम फार कडक होता. रोट खायचा तो फक्त भाऊबंदकीतल्याने. सोयऱ्याला नाही, शेजाऱ्याला नाही, लग्न होऊन सासरी गेलेल्या लेकीलासुद्धा नाही! आणि पौर्णिमेच्या आत शेवटचा तुकडा संपलाच पाहिजे.

मयुरीचं लग्न व्हायचं होतं. म्हणजे तिचा वाटा शिल्लक होता. तो घेऊन मोठ्या जाऊबाई, मंदाबाई, स्वतः एसटीने आल्या.

"हाऊ पोरना वाटा शे. तिले दे. तुम्ही दोन्ही खा. आन दुसरा कोणले हात लावू देऊ नको बरं, दिपमाला! चपलांजोडे ठेवू नको. उष्टाजोडे ठेवू नको."

"नाही ठेवणार, बाई."

दिपमालाबाईंचं स्वतःचं मत वेगळं होतं. गहू, गूळ, तूप, म्हणजे कर्बोदकं आणि स्निग्ध पदार्थ, बाकी श्रद्धा. पण जबाबदारी घेतली की ती शास्त्रशुद्ध पार पाडायची, हाही त्यांचा बाणा होता. त्यांनी स्टीलचे दोन सारखे डबे काढले. एकात सर्वांसाठी दशम्या, दुसऱ्यात रोट. दशम्यांच्या डब्याला बांधली हिरवी रिबीन, रोटाच्या डब्याला लाल. मयुरीच्या शाळेतल्या वेण्यांच्या रिबिनी होत्या त्या, चांगल्या रुंद, चकचकीत! सुटू नये म्हणून त्यांनी वर फुलासारखी गाठ मारली.

"लाल का, माहीत आहे?" त्यांनी जितेंद्ररावांना विचारलं. "लाल प्रकाशाची तरंगलांबी सगळ्यात जास्त. लांबून दिसतो. जगात कुठेही जा, लाल म्हणजे थांबा!"

"बरं."

आणि विमानतळावरच्या साहेबांना शंका नको म्हणून झाकणावर इंग्रजीत, ठळक अक्षरांत चिठ्ठी चिकटवली: कानबाईचा रोट. फक्त कुटुंबासाठी.

यात चूक कुठे होणार, तुम्हीच सांगा!

*

आता डेन्मार्कच का, तर पवनचक्क्यांमुळे. मयुरी इंजिनियर. तिची पहिली नोकरी साक्रीच्या पठारावरच्या पवनचक्क्यांवर. तिथे चढउतार करता करता एक दिवस ती चक्क्यांच्या माहेरीच, डेन्मार्कला नोकरीला लागली. तिथे तिला येप्पे भेटला. येप्पे इतका उंच होता की त्याच्याशी बोलताना मयुरीला कामावर असल्यासारखंच वाटे. स्वभावाने मात्र साधा, शांत, जरा एकटा. आईवडील लहानपणीच वेगळे होऊन देशाच्या दोन टोकांना गेलेले. रीबे नावाच्या जुन्या गावात आजोबांनी त्याला वाढवलं. आजोबा गेले. राहिलं घर आणि एक मांजर.

दोघांनी लग्न ठरवलं. ठरवलं म्हणजे काय, दोघांनी ठरवून थोडंच ठरतं! भडगावचे नथ्थू आबा होते ना. आबा जितेंद्ररावांचे थोरले चुलतभाऊ, मंदाबाईंचे यजमान आणि साऱ्या भाऊबंदकीचे कारभारी. जितेंद्ररावांचे वडील लवकर गेले, तेव्हा त्यांना शिकवलं ते आबांनी. त्यामुळे जितेंद्ररावांनी आयुष्यात एकदाच बायकोला "बरं" सोडून दुसरं काही ऐकवलं होतं: "आबा नाही म्हणाले तर मी कन्यादानाला बसणार नाही."

दिपमालाबाई दोन वर्षं आबांची समजूत घालत होत्या. शेवटी व्हिडिओ कॉलवर आबांनी येप्पेलाच गाठलं.

"तुमनं देवक काय शे?"

मयुरीने समजावलं, की प्रत्येक कुळाचं एखादं झाड, एखादा पक्षी असतो; दोघांचं एकच निघालं तर लग्न होत नाही. येप्पेने विचार केला. त्यांच्या रीबेत पूर्वीपासून छपरांवर करकोचे घरटी करायचे. आजोबा त्यांना शुभ मानत.

"करकोचा," तो म्हणाला.

"आपला आंबा. त्याना करकोचा." आबांनी मान डोलावली. "जुळस नही! मंग काय हरकत शे? माले जात नको, धरम नको. फक्त भाऊबंदकीमा सोयरीक नको. तेवढं देखा!"

डेन्मार्कचा माणूस भडगावच्या भाऊबंदकीतला निघण्याची शक्यता किती? दिपमालाबाईंनी मनात गणित केलं. शून्य! सगळं ठरलं. आईवडील डेन्मार्कला आले की एक दिवस रीबे बघायचं, आणि त्याच दुपारी, म्हणजे भडगावला दिवेलागणीच्या वेळी, तिथल्या मोठ्या चर्चसमोरून व्हिडिओ कॉल लावायचा. आबा कानबाईच्या कोनाड्यापुढे बसून सुपारी फोडणार. सुपारी फुटली की लग्न पक्कं.

*

रीबे हे डेन्मार्कमधलं सगळ्यात जुनं गाव. दगडी गोट्यांचे रस्ते, लाकडी चौकटींची बुटकी घरं, आणि ती घरंही भरल्या एसटीतल्या प्रवाशांसारखी एकमेकांच्या अंगावर रेललेली.

"यांना नगरपालिकेची नोटीस येत नाही?" जितेंद्ररावांनी विचारलं.

"पप्पा, शेकडो वर्षं अशीच उभी आहेत."

"तेच म्हणतोय मी!"

दिपमालाबाई खूश होत्या. नदीच्या धक्क्यावर एक लाकडी खांब होता. जुन्या काळी समुद्राचं पाणी गावात कुठवर चढलं त्याच्या खुणा त्याच्यावर होत्या. सगळ्यात वरची खूण येप्पेच्याही डोक्यावर! त्यांनी खांबाचे चारही बाजूंनी फोटो काढले. मग चर्चच्या मनोऱ्यावर चढून झालं. वरून खालचा मुलूख थापलेल्या भाकरीसारखा सपाट, आणि कडेला राखाडी समुद्र.

"इथे कापूस होतो का?" जितेंद्ररावांनी विचारलं. हे त्यांनी खांबाजवळही विचारलं होतं.

या सगळ्या चढउतारात दिपमालाबाईंनी लाल रिबिनीचा डबा हातातून सोडला नव्हता. एका पिशवीत चपला होत्या, दुसऱ्या पिशवीत अर्धवट खाल्लेलं सँडविच होतं. मंदाबाईंना शब्द दिलेला! त्यामुळे साडी, पायात स्पोर्ट्सचे बूट, आणि छातीशी धरलेला डबा, अशा त्या साऱ्या रीबेभर फिरल्या. येप्पे अधूनमधून त्या डब्याकडे चोरून बघत होता. कारण सकाळीच मयुरीने त्याच्या कानात सांगितलं होतं, "मम्मी आज तुला काहीतरी देणार आहे. आश्चर्य वाटल्याचं दाखव!" मयुरीच्या मनात होतं ते घड्याळ. ते सुपारीनंतर द्यायचं होतं, जितेंद्ररावांच्या खिशात होतं. पण हे येप्पेला कुठे ठाऊक!

जेवण मांडो बेटावर करायचं ठरलं होतं. रीबेजवळच समुद्र असा विलक्षण की ओहोटी लागली की सगळं पाणी मागे सरतं आणि तळाचा चिखल उघडा पडतो. त्या चिखलातून बेटावर जायचं. आणि कशातून जायचं? जितेंद्ररावांनी वाहन बघितलं आणि जागीच थांबले.

"ट्रॅक्टर!"

खरंच ट्रॅक्टर होता. हत्तीएवढ्या चाकांचा, आणि मागे काचा लावलेली भलीमोठी ट्रॉली.

"अगं, एवढी हजारो मैल उडून आलो ते ट्रॉलीत बसायला? हे तर आपल्याकडे वऱ्हाडाला फुकट मिळतं!" असं म्हणत ते सगळ्यात आधी चढले आणि पुढची खिडकी धरून बसले. पाठोपाठ मयुरी चढली. मग दिपमालाबाईंची पाळी आली.

ट्रॉलीला मागून उभी शिडी होती. शिडीला दोन्ही हात लागतात. साडीला एक लागतो. म्हणजे हात हवेत तीन आणि आहेत दोन, त्यातही डबा! साधा हिशोब होता. दिपमालाबाई वळल्या, डबा दोन्ही हातांनी येप्पेपुढे धरला, आणि गोड हसून म्हणाल्या, "हं, घे."

बस. एवढंच.

त्या दोन पायऱ्या चढल्या. मागून आवाज आला, "ओऽऽह!" त्यांनी मान वळवून पाहिलं.

येप्पे डब्याकडे बघत होता. चकचकीत लाल रिबीन! वर फुलासारखी गाठ! तुम्ही सांगा, जगातल्या कुठल्याही शहाण्या माणसाला तो डबा कसला वाटेल? आणि इथे दोन मुलुखांच्या रीती एकमेकींवर आदळल्या. आपल्याकडे कुणी भेट दिली तर ती देणाऱ्यासमोर उघडत नाहीत. बघायचीही नाही, "कशाला आणलं उगाच" म्हणत कपाटावर ठेवायची. डेन्मार्कमध्ये मात्र भेट हातात पडली की तिथल्या तिथे, देणाऱ्यासमोर उघडायची. नाही उघडली तर देणाऱ्याचा अपमान!

येप्पेने रिबिनीचं टोक ओढलं.

"अरे, नको! नको!" दिपमालाबाई ओरडल्या.

येप्पे आणखीच हसला. 'नको' हा शब्द मयुरीने त्याला पहिल्याच आठवड्यात शिकवला होता. आमच्याकडे पहिल्यांदा सगळे नकोच म्हणतात, तो नुसता मान असतो, तू आग्रह धरायचा, असंही शिकवलं होतं. त्याने रिबीन गळ्यात घातली.

दिपमालाबाईंनी खाली उतरायला पाय टाकला. खाली एक आजोबा, त्यांच्या खाली एक आजी, त्यांच्या खाली कुत्रं! सगळे शिस्तीत वर येत होते. वरून हात, खालून डोकी. दिपमालाबाई शिडीला केळीच्या घडासारख्या लटकून राहिल्या.

आणि येप्पेने झाकणावरची चिठ्ठी वाचली.

तो एकदम गंभीर झाला. त्याने परत वाचली. मग वर पाहिलं तेव्हा त्याच्या निळ्या डोळ्यांत पाणी होतं.

"फक्त कुटुंबासाठी?" त्याने हलक्या आवाजात विचारलं.

"हो!" दिपमालाबाई जिवाच्या आकांताने ओरडल्या. "हो! फक्त कुटुंबासाठी!"

येप्पेने भरल्या डोळ्यांनी रोट उचलला आणि सणसणीत घास घेतला.

*

दिपमालाबाईंनी कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी फुटताना पाहिली होती. एकदा तर आख्खं कपाट कोसळलं होतं. तेव्हाही त्या एवढ्या हादरल्या नव्हत्या. त्या ट्रॉलीत येऊन सीटवर बसल्या, तेव्हा त्यांचं तोंड उघडंच होतं आणि ते मिटायचं असतं हे त्या विसरल्या होत्या.

"मम्मी," मयुरीने खिडकीतून खाली बघत विचारलं, "येप्पे काय खातोय?"

दिपमालाबाईंनी पदर खांद्यावर ओढला.

"मम्मी, तो कोणता डबा?"

"लाल," दिपमालाबाई म्हणाल्या.

जितेंद्ररावांनी खिडकी सोडली. रोट, लाल डबा, गळ्यात रिबीन घालून वर येणारा जावई, सगळं त्यांनी क्रमाने पाहिलं. आणि त्यांच्या तोंडून "बरं" निघालं नाही. निघाला तो नुसता वारा, ट्यूबमधून निघतो तसा.

"खूप छान!" येप्पे बोटं चाटत शेजारी बसला. रोट आख्खा संपला होता. ताटातलं टाकायचं नाही, हे त्याच्या आजोबांनीही शिकवलं होतं.

"घाबरायचं कारण नाही," दिपमालाबाईंनी आवाज सापडल्यावर सांगितलं. शास्त्रज्ञाने संकटात शांत राहायचं असतं. "जे झालं ते आपल्या चौघांत झालं. भडगाव कुठे, आपण कुठे! आबांना कळायला काही मार्गच नाही."

मयुरीचा फोन वाजला: टिंग. जितेंद्ररावांचा वाजला: टिंग. मग दिपमालाबाईंच्या पर्समध्ये असा काही टिंगटिंगाट सुरू झाला की कुत्रं उठून बसलं.

त्याचं असं झालं होतं, की मागच्याच आठवड्यात मयुरीने कौतुकाने येप्पेला घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर घेतलं होतं. 'जय कानबाई माता' असं त्याचं नाव. त्यात भडगाव होतं, धुळं होतं, सुरतेला स्थायिक झालेले होते. आणि आता त्यावर फोटो होता: मागे ट्रॅक्टर, गळ्यात लाल रिबीन, हातात दात उमटलेला रोट. खाली येप्पेने एकेक अक्षर शोधून मराठीत लिहिलं होतं:

"मी रोट खाल्ला. मी कुटुंब आहे. खूप छान."

ट्रॅक्टर सुरू झाला. ट्रॉली चिखलात उतरली. आणि आबांचा व्हिडिओ कॉल आला.

आबांना फोन धरता येत नसे. पडद्यावर फक्त मिशी होती. पण ती मिशी थरथरत होती.

"जितू! मी हाई काय देखी ऱ्हायनू?"

"आबा, चूक व्हयनी..."

"त्यानी रोट खादा?"

"खादा."

"आख्खा?"

"आख्खा."

मागून मंदाबाईंचा आवाज आला, "वं माय वं!" आणि काहीतरी भांडं पडलं.

"आबा, ऐका," दिपमालाबाईंनी फोन हातात घेतला. "खाल्ल्याने कुळ बदलत नाही. गुणसूत्रं जन्मापासून..."

"दिपमाला, तू शिकेल बाई शे. माले एक सांग. भाऊबंद सोडीसन कोणी रोट खाई शकस का?"

"नाही."

"त्यानी खादा का?"

"...हो."

"मंग तो कोण व्हयना?"

दिपमालाबाईंनी मनात एकेक पायरी तपासली. तर्कात कुठेही फट नव्हती. कॉलेजात एखाद्या मुलाने इतकं स्वच्छ उत्तर लिहिलं असतं, तर त्यांनी पूर्ण गुण दिले असते.

"भाऊबंद व्हयना!" आबांनीच सांगून टाकलं. "आन भाऊबहीनना लगीन लावस का कोणी? सांजले सुपारी फोडाले बसनार व्हतू मी. आते कोनसंगे फोडू?"

"ओकायला लावू का त्याला?" जितेंद्ररावांनी दबक्या आवाजात विचारलं.

"कानबाईना रोट ओकाडतस का?" मंदाबाई पलीकडून कडाडल्या. "डोकं फिरनं का भाऊ तुमनं?"

ट्रॉलीतले सगळे प्रवासी आता समुद्र सोडून इकडेच बघत होते. येप्पेने मयुरीला विचारलं, "काय झालं? आबा का रागावले?"

"येप्पे," मयुरी रडू आवरत म्हणाली, "तू आता आमच्या भाऊबंदकीतला झालास. आबांनी मान्य केलं."

येप्पे उठून उभा राहिला. ट्रॉलीच्या छताला डोकं आपटलं, त्याचं त्याला भान नव्हतं. "खरंच? मला भाऊ आहेत?"

"शंभरेक आहेत."

"शंभर!" मांजरापुरतं कुटुंब असलेला तो माणूस मट्कन खाली बसला. त्याने जितेंद्ररावांना मिठी मारली, दिपमालाबाईंना मारली, फोनवरच्या मिशीलाही हात जोडले. दिपमालाबाईंना वाटलं, आता बेटावर पोचायच्या आत चिखलाने गिळून टाकलं तर फार बरं होईल.

"आणि मी तुझी बहीण झाले," मयुरी म्हणाली. "बहिणीशी लग्न होत नाही."

येप्पेच्या चेहऱ्यावरून हसू ओसरायला थोडा वेळ लागला. मग त्याने एकदम फोन धरला. "आबा! मग मला भाऊ व्हायचं नाही! मी परत करतो!"

मयुरीने हुंदक्यांतून भाषांतर केलं.

"पोटमा गया ना रोट?" आबा म्हणाले. आवाज आता रागाचा राहिला नव्हता, खिन्न झाला होता. "आते राजीनामा नही चालस, भाऊ." आणि मिशी विझली.

*

मांडो बेटावर एक बांध, पुष्कळ मेंढ्या आणि त्याहून पुष्कळ वारा होता. बांधावर चौघं एका रांगेत बसली. हिरव्या रिबिनीच्या डब्यातल्या दशम्या कुणी खाल्ल्या नाहीत.

"चूक व्हायला जागाच ठेवली नव्हती," दिपमालाबाई स्वतःशीच म्हणाल्या.

"मम्मी, तू त्या डब्याला फुलाची गाठ का मारलीस?"

"सुटू नये म्हणून."

"आणि लाल?"

"तरंगलांबी," जितेंद्रराव म्हणाले. त्यांच्या आवाजात वैर नव्हतं, पण "बरं"ही नव्हतं.

"पप्पा, आपण तसंच लग्न केलं तर?"

जितेंद्रराव मेंढ्यांकडे बघत राहिले. "माझ्या फीचे पैसे भरायला आबांनी बैलजोडी विकली होती, मयू. त्यांना डावलून मी मांडवात उभा राहू शकत नाही. तू राहा. मी अडवणार नाही. पण मी नसेन."

आई-बापांपैकी एकही जण कमी असलेलं लग्न मयुरीला नको होतं, हे तिघांनाही माहीत होतं. येप्पे रिबिनीची घडी घालत होता, उलगडत होता, परत घालत होता.

दिपमालाबाई खाली उघड्या पडलेल्या समुद्राकडे पाहत होत्या. चूक त्यांची होती. दुरुस्तीही त्यांचीच हवी. एकाच जातीचे दोन विद्युतभार एकमेकांना दूर ढकलतात. जवळ आणायचे तर एकाचा भार बदलायला हवा. येप्पेचा बदलता येत नाही. आबा म्हणाले तसं, रोट पोटात गेला. मग राहिलं कोण?

त्या ताडकन उठल्या. जवळच्या तीन मेंढ्या पळाल्या.

"रुपचंदला फोन लाव!"

रुपचंद म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. राहणार साक्री. चांगला माणूस, दोन मुलगे, आणि मुलगी नाही म्हणून राखी पौर्णिमेला दरवर्षी डोळे पुसणारा.

"हां ताई, बोल!" मागे आठवडे बाजाराचा कल्ला होता. "जोरात बोल, मी मिरच्या घेतोय!"

"रुपचंद, तुला मुलगी हवी होती ना?"

"आँ?"

"मुलगी! हवी का?"

"आता? या वयात? ताई, तुझी भावजय मारेल मला! केवढी आहे मुलगी?"

"सत्तावीस वर्षांची. इंजिनियर आहे. आपली मयुरी. दत्तक देते. घेतोस का?"

पलीकडे बाजार तेवढा चालू राहिला. मग रुपचंदचा भरलेला आवाज आला, "दे! घेतली! अरे भाऊ, मिरच्या दोन किलो कर, पोरगी झाली मला!"

*

दुपारी रीबेच्या चर्चसमोर, ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी फोन लागला. भडगावला आबा कोनाड्यापुढे बसले होते, पण सुपारी पाटावर तशीच पडलेली होती. दिपमालाबाईंनी पदर सारखा केला आणि वर्गात उभं राहिल्यासारखं सांगायला सुरुवात केली.

"आबा, येप्पेने रोट खाल्ला. तो भाऊबंद झाला. मान्य."

"मान्य."

"पण वाटा कुणाचा खाल्ला? जितेंद्ररावांच्या घरचा. म्हणजे तो जितेंद्ररावांच्या घरचा झाला. आमचा मुलगा."

मिशीने विचार केला. "व्हय. रीतसर शे."

"आणि मयुरी आजपासून रुपचंदची. दत्तक दिली. तिचं कुळ साक्रीचं. रुपचंद माझा भाऊ. म्हणजे येप्पेचा तो कोण?"

फोन हलला. मिशी वर गेली, कोनाडा दिसला, पंखा दिसला, आणि मग या सगळ्या काळात पहिल्यांदा आबांचा आख्खा चेहरा पडद्यावर आला. त्यावर हसू पसरत चाललं होतं.

"मामा!" आबा म्हणाले. "मामा व्हयना! म्हंजे हाई मामानी पोर! अरे, मामानी पोर तं हक्कनी ऱ्हास! इतलं चांगलं स्थळ घरमा व्हतं, आन तुम्ही डेन्मार्कमा धुंडी ऱ्हायनात!"

मंदाबाईंनी मागून हसत विचारलं, "पोरगी देखेल शे ना?" आबांनी अडकित्ता उचलला. भडगावला कोनाड्यापुढे सुपारी कट्कन फुटली आणि रीबेच्या चौकात येप्पेने मयुरीला उचलून अशी गिरकी घेतली की बाकावरची कबुतरं मनोऱ्यावर जाऊन बसली.

"जितू, तू आते वरबाप!" आबांनी जाहीर केलं. "दिपमाला वरमाय! मान घ्या तुमना!"

आणि जितेंद्रराव बदलले. बघता बघता बदलले! खांदे ताठ झाले, एक पाय दुसऱ्यावर चढला, बोट शर्टाच्या कॉलरमध्ये गेलं. "तशी आमची काही अपेक्षा नाही," ते फोनवर साक्रीच्या रुपचंदला सांगत होते, "पण वऱ्हाड ट्रॅक्टरने आणणार नाही हं आम्ही!"

दिपमालाबाईंना हसू आवरेना. किती लवकर माणसाच्या डोक्यात शिरतं, बघा! एका सुपारीत! त्या स्वतः मात्र शास्त्रशुद्ध माणूस. कागदोपत्री सोय केली, प्रश्न सुटला, विषय संपला. आई ती आई, लेक ती लेक.

भूक मात्र सगळ्यांना लागली होती. त्यांनी बाकावर दोन्ही डबे उघडले. येप्पेने हक्काने दुसरा रोट घेतला. जितेंद्ररावांनी घेतला. सकाळपासून उपाशी, रडून रडून दमलेल्या मयुरीने हात पुढे केला.

चट्!

झाकण इतक्या जोरात मिटलं की मयुरीची बोटं थोडक्यात वाचली.

"अंहं!" दिपमालाबाई म्हणाल्या. "तू दशम्या घे. हे फक्त कुटुंबासाठी!"

येप्पेचा घास तोंडातच राहिला. जितेंद्ररावांनी पाय खाली घेतला. मयुरी आईकडे बघत होती, आणि दिपमालाबाई स्वतःच्या हाताकडे. हात झाकणावर घट्ट होता. तो कुणी ठेवला, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

"मम्मी," मयुरी म्हणाली, "अगं तो माझाच वाटा होता!"

"गहू, गूळ, तूप," दिपमालाबाई घाईघाईने म्हणू लागल्या, "म्हणजे कर्बोदकं आणि..."

पण झाकणावरचा हात काही त्यांनी काढला नाही.